विरळ हवा, हलकी गाडी

सकाळी ६.३०

शटर वर गेलं की आधी दिवे, मग कॉम्प्रेसर आणि मग भिंतीवरचा दाबमापक. आज ८२१ हेक्टोपास्कल, तापमान १९ अंश. दोन्ही आकडे फळ्यावर लिहून ठेवतो. आज डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या रोलरवर, जी गाडी चढेल तिची ताकद या दोन आकड्यांशिवाय वाचता येणार नाही.

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १,०१३ असतो. आमचं गॅरेज अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, डेन्व्हरच्या पश्चिमेला गोल्डन गावात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आहे. उंची सुमारे १,७३० मीटर. आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराहूनही वर आम्ही रोज पाने फिरवतो. इंजिन दर फेऱ्याला ठरलेल्या आकारमानाची हवा ओढतं, पण इथे तेवढ्याच जागेत हवा जवळपास एक पंचमांश कमी भरते. हवा कमी म्हणून पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणून ताकद कमी. मोठ्या व्ही-८ ट्रकवाल्याला याचं काही वाटत नाही. १.६ लिटरची हलकी स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याला मात्र प्रत्येक चढ ते सांगतो. म्हणून आमच्याकडे हलकी गाडी घेऊन येणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: टर्बो लावू का?

आज हाच प्रश्न घेऊन दोन गाड्या येणार आहेत.

७.४५

पहिली लाल रंगाची, १९९२ ची माझदा मियाटा. युरोपात हिला एमएक्स-५ म्हणतात. छत मागे दुमडलेलं. मालकीणबाई मूळच्या साताऱ्याच्या, इथे फार्मासिस्ट आहेत, आणि कामासाठी त्यांना नियमित डोंगरापलीकडे फ्रिस्कोला जावं लागतं.

"दादा, बोगद्याच्या चढाला जीव नकोसा होतो. तिसऱ्यात टाकली, पाय पूर्ण दाबून ठेवला, तरी मागून गाड्या अंगावर येतात. टर्बो बसवून द्या. पण एक आहे, हिचा स्वभाव बदलता कामा नये. वळणात ही जशी हातात राहते तशीच राहिली पाहिजे."

"ताई, सपाटीला कमी पडते का? वळणातून बाहेर पडताना?"

"नाही. तिथे मला हिच्यात काहीच कमी वाटत नाही. फक्त चढाला."

हे उत्तर मी जॉबकार्डावर लिहून घेतो, कारण टर्बो कसला आणि किती हे यावरून ठरणार आहे. फ्रिस्कोच्या वाटेवरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशावर येतो. कंपनीने ११६ अश्वशक्ती म्हणून विकलेलं इंजिन बोगद्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत जेमतेम ७५ चं उरलेलं असतं.

गाडीचा स्वभाव म्हणजे नेमकं काय, हेही पाहिलं पाहिजे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात मियाटा पहिल्यांदा लोकांसमोर आली. हजार किलोच्या आतलं वजन, पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलेलं इंजिन, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब चौकट जाते. ती दोघांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवते, त्यामुळे अॅक्सिलरेटरवर पाय पडला की मागच्या चाकांपर्यंत जाताना तो इशारा कुठे ढिला पडत नाही. पायाला मिळणारं हे तात्काळ उत्तर हीच या गाडीची खरी मिळकत. टर्बो लावून हे उत्तर उशिरा यायला लागलं, तर ताकद वाढेल आणि गाडी उणी होईल.

९.००

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनचं काम शिकलो. तिथल्या मेस्त्रींची शिस्त होती की इंजिन आधी मोजायचं, मग हात लावायचा. जुन्या इंजिनावर दाब चढवण्याआधी तर हे केलंच पाहिजे.

चारही प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडले. पहिल्या तिघांची चिनीमाती फिकट तपकिरी, चौथ्याची त्याहून जरा पांढुरकी. कॉम्प्रेशन १५१, १५३, १५०, १४७ पीएसआय. पुस्तकातला आकडा यापेक्षा बराच मोठा आहे, पण तो समुद्रसपाटीचा आहे. इथे आकडा कमीच येणार. पाहायचं ते चौघं एकमेकांच्या जवळ आहेत की नाहीत. आहेत. गळतीची चाचणी घेतली, तिन्हींत ठीक, चौथ्यात किंचित जास्त. चिंता करावी असं काही नाही, तरी चौथ्याचं नाव दोनदा आलं याची नोंद घ्यावी लागते.

याला कारण आहे. हे इंजिन मुळात माझदाच्या ३२३ सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातलं. तिथे ते आडवं बसतं. मियाटात ते उभं बसवलं, आणि जागेच्या सोयीसाठी सिलिंडर हेडमधून गरम पाणी बाहेर पडण्याची वाट पुढच्या टोकाला आली. पाण्याचा पंपही पुढेच. त्यामुळे बरंचसं पाणी पुढच्या पुढेच वळतं आणि सर्वांत मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरला आपल्या वाट्याचा गारवा मिळत नाही. कंपनीतून आलेल्या ताकदीत हे कधी अंगावर येत नाही. टर्बो लावला की पहिलं नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचं अवेळी भडकणं, मात्र चौथ्यात सुरू होतं. यावरचा उपाय माहितीतला आहे: थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला न्यायचा आणि तिथून रेडिएटरपर्यंत नवी नळी ओढायची, म्हणजे पाणी चारही सिलिंडरांच्या अंगावरून जातं.

उंचीवर तर हे काम अधिकच गरजेचं. गोल्डनमध्ये पाणी ९५ अंशांच्या आतच उकळतं. रेडिएटरचं झाकण बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक दाब जास्त धरून ठेवतं, म्हणून बाहेरची हवा विरळ झाली की उकळण्यापूर्वीची सवडही घटते. शिवाय रेडिएटरच्या जाळीतून जाणारी हवा विरळ, म्हणजे ती उष्णताही कमी वाहून नेते.

१०.३०

गाडी डायनोच्या रोलरवर. चार पट्टे ताणून बांधले, समोर मोठा पंखा लावला, गिअर चौथा, कारण या गिअरबॉक्समध्ये चौथ्यात इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. २,५०० पासून लाल रेषेपर्यंत सलग खेचली. आवाज स्वच्छ, कुठे मिसिंग नाही. चाकांवर ७९ अश्वशक्ती.

ताईंचा चेहरा उतरला. मी पडद्यावर दुसरी रेघ काढून दाखवली. तीच खेच, हवेच्या दाबाची आणि तापमानाची प्रमाणित दुरुस्ती लावून: ९८. या वयाच्या निरोगी १.६ मियाटाने समुद्रकाठच्या डायनोवर जेवढं द्यावं तेवढं ही देते आहे. इंजिनाने काहीही गमावलेलं नाही. मधली तफावत हवेची आहे.

या दुरुस्तीच्या आकड्याबद्दल मी प्रत्येक ग्राहकाला बजावतो. बिनटर्बोच्या गाडीला ती लावणं योग्य, कारण विरळ हवेचा फटका तिला सरळ बसतो. टर्बो मात्र आपल्या कामातून तो फटका बराचसा भरून काढतो. त्यावर पुन्हा तीच दुरुस्ती लावली की कागदावर न कमावलेली ताकद उमटते. या भागात लोक टर्बोचे जे फुगीर आकडे सांगतात त्यातले पुष्कळ इथून आलेले असतात. आमच्याकडे टर्बो गाडीच्या कागदावर मोजलेला आकडा छापतात, आणि शेजारी त्या दिवशीचा दाब.

दुपारी १२.००

दुसरी गाडी, २०१३ ची सुबारू बीआरझेड. टोयोटा ८६ ची जुळी बहीण. पंचविशीतला मुलगा चालवत आला. त्याला तीनशे अश्वशक्ती हवी आहे, किटही निवडून ठेवलंय. दोन महिन्यांत नोकरीसाठी सॅन डिएगोला राहायला जाणार, त्याआधी काम उरकायचंय.

गाडीभोवती एक फेरी मारली. मागचे टायर गुळगुळीत व्हायला आलेले, ब्रेक पॅड पातळ, ब्रेकचं तेल काळपट. ट्रॅकवर कधी गेला आहेस का, विचारलं. नाही म्हणाला.

मग त्याला बसवून समजावलं. कंपनीचे २०० अश्वशक्ती या गाडीने इथे कधी दिलेच नाहीत. इथे ती १६५ च्या आसपास चालते. सॅन डिएगोच्या समुद्रकाठी गेलास की गेलेली ताकद एक पैसा न देता परत मिळेल. आपली गाडी खरी कशी आहे हे तुला अजून कळलेलंच नाही, आणि न चाखलेल्या गोष्टीत भर घालायला तू निघालायस. दुसरं, या इंजिनाचं कॉम्प्रेशन रेशो १२.५ ला १ आहे. ते बिनटर्बो चालण्यासाठीच बांधलेलं आहे. त्यावर दाब चढवला की नॉकिंगपर्यंतचं अंतर फार थोडं उरतं, आणि कॅलिफोर्नियातल्या पंपावर सर्वसाधारणपणे मिळणारं उत्तम पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. तिसरं, कॅलिफोर्नियाचा कायदा. तिथल्या हवा मंडळाची मंजुरी नसलेलं टर्बो किट रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही. इथे बसवलेलं तिथे जाऊन उतरवावं लागेल.

याच गाडीच्या कर्त्यांनी काय केलं तेही त्याला सांगितलं. पहिल्या पिढीला ताकद कमी आहे अशी ओरड वर्षानुवर्षं होती, आणि टर्बोची मागणीही. २०२१ मध्ये दुसरी पिढी आणताना सुबारू आणि टोयोटाने इंजिन २.० वरून २.४ लिटर केलं आणि अमेरिकेत २२८ अश्वशक्ती दिली. टर्बो नाही. चार हजार फेऱ्यांच्या आसपास जुन्या इंजिनात जो खड्डा जाणवायचा तो त्यामुळे भरला. माझदानेही २०१९ मध्ये आपलं २.० लिटर इंजिन असंच वाढवलं: प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने हलका, प्रत्येक कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलका, श्वास मोकळा, लाल रेषा ७,५०० वर. १५५ ची १८१ झाली. ज्यांच्या हाती सगळी साधनं आहेत, तेही हलक्या गाडीला हात लावताना इतके जपून लावतात.

मुलगा जरा हिरमुसला. शेवटी चांगले टायर, पॅड, ब्रेकचं तेल आणि व्हील अलाइनमेंट एवढं काम त्याने टाकलं. डेन्व्हरच्या पूर्वेला हाय प्लेन्स रेसवे आहे. तिथे प्रशिक्षकाला शेजारी बसवून एक दिवस गाडी चालव, असं सांगून मी त्याला नोंदणीच्या तारखा काढून दिल्या. त्याचं किट विकून आम्ही चांगले पैसे केले असते. पण ज्या गाडीला आज टायर नाहीत तिला ताकद विकणं मला मान्य नाही.

१.३०

डबा उघडला. पोळी, फ्लॉवरची भाजी, लोणचं. जेवताना नव्या शिकाऊ मुलाने विचारलं की टर्बो आला कुठून.

याचं उत्तर आमच्याच राज्यात आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये एक्झॉस्टच्या वायूवर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात विमानं उंच जाऊ लागली आणि इंजिनं तिथे गुदमरू लागली. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी टर्बो तयार केला, पण तो उंचीवर तपासायचा कसा? १९१८ मध्ये त्यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन इथून दक्षिणेला असलेल्या पाइक्स पीकवर, ४,३०० मीटरच्या माथ्यावर नेलं. खाली सुमारे ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वर २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर त्याच माथ्यावर ३५६ मिळाली.

टर्बोचं हे पहिलं काम मी शिकाऊ मुलांना आवर्जून सांगतो. डोंगराने नेलेलं परत आणणं, हे त्याचं मूळ काम. आज सकाळी साताऱ्याच्या ताई ज्यासाठी आल्या तेही तंतोतंत हेच.

२.१५

लिफ्टवर तिसरी गाडी आहे, तीही मियाटा. टर्बो दुसरीकडून बसवून आणलेला. तक्रार अशी की थंड असताना टकटक आवाज येतो आणि गरम झाल्यावर थांबतो. उष्णतारोधक पत्रा सोडवला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये चार नळ्या जिथे एकत्र येतात, तिथे बोटभर लांब, केसासारखी बारीक चीर. चिरेच्या दोन्ही कडांना काजळीची पिसासारखी रेघ. धातू तापून प्रसरण पावला की चीर मिटते, म्हणून गरम इंजिनाचा आवाज थांबायचा. टर्बोला मॅनिफोल्डशी धरणाऱ्या चार नटांपैकी दोन बोटाने फिरले.

कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. टर्बोच्या तोंडाशी येणारा वायू ८०० अंशांच्या वर जातो. धातू रोज तापतो, रोज निवतो, आणि त्याच्या टोकाला टर्बोचं वजन लटकलेलं असतं. इथे साधे स्टड चालत नाहीत; उष्णतेत ताकद न सोडणाऱ्या मिश्रधातूचे स्टड, नट सुटू नये म्हणून वाकवून बसवायच्या पट्ट्या आणि टर्बोला खालून आधार, हे तिन्ही लागतं. ताईंना बोलावून चीर दाखवली. त्यांनी विजेरी हातात घेऊन ती शांतपणे पाहिली. किटच्या छायाचित्रात ही बाजू दिसत नाही, म्हणून निर्णयाआधी ती डोळ्यांनी पाहिलेली बरी.

३.३०

आता टेबलाशी बसून गणित.

पहिला प्रश्न, सुपरचार्जर की टर्बो? सुपरचार्जर पट्ट्याने थेट क्रँकशी जोडलेला असतो. उत्तर तात्काळ, आणि म्हणून हलक्या गाडीच्या स्वभावाला तो शोभतो. बीएमडब्ल्यूने मिनी कूपर एसच्या पहिल्या पिढीत इटनचा असाच छोटा सुपरचार्जर वापरला. पण तो ताकद क्रँककडूनच उसनी घेतो, आणि पुलीच्या मापाने त्याची दाबण्याची पट कायमची ठरून जाते. बाहेरच्या हवेला तो समजा १.४ ने गुणतो. गोल्डनमध्ये ८२ किलोपास्कलचे ११५ होतील, बोगद्याशी ६७ चे ९४. म्हणजे नेमका जिथे चढ आहे तिथेच तो समुद्रसपाटीच्या खाली उतरतो. ताई समुद्रकाठी राहत असत्या तर मी याचा गंभीरपणे विचार केला असता.

टर्बोला मात्र ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडून, एकूण दाब किती ठेवायचा हे सांगता येतं. बाहेर हवा विरळ झाली की तो अधिक वेगाने फिरतो आणि तूट भरतो. मी १३० किलोपास्कलवर बोट ठेवलं. गोल्डनमध्ये त्यासाठी बाहेरच्या हवेला १.५८ पट दाबावं लागेल. गेजवर सात पीएसआय दिसेल. समुद्रकाठी तोच एकूण दाब गेजवर चार पीएसआयच्या जरा वर असतो. म्हणून दुसऱ्या गावच्या माणसाच्या गेजशी आपला गेज ताडून पाहू नये.

दाबली की हवा तापते. २७ अंशांची हवा चांगल्या टर्बोतून या पटीला बाहेर पडताना ८५ च्या पुढे जाते. तशीच इंजिनात सोडली तर घनता समुद्रसपाटीच्या वर जेमतेम सहा-सात टक्के, आणि नॉकिंगला आमंत्रण. इंटरकूलर लावून ती ४५ वर आणली की घनता सुमारे २० टक्के वर. कागदावर हे इंजिनापाशी १४० अश्वशक्ती होतात. आज इथे तिच्याकडे ९५ आहेत.

हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या बीबीआरने याच १.६ इंजिनावर टर्बो बसवून १५० अश्वशक्ती दिली आणि ती गाडी माझदाच्या अधिकृत विक्रेत्यांकडून वॉरंटीसह विकली गेली. खुद्द माझदाने २००४-०५ मध्ये कारखान्यातून टर्बो लावलेली मियाटा आणली, तिची ताकद १७८ होती. तीही १.८ लिटरवर, सहा गिअर आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल देऊन. इंजिनातून आणखी बरंच काढता येतं. पण या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड कमी फेऱ्यांवर अचानक आलेल्या टॉर्कने वाकतात, आणि १९९३ पर्यंतच्या गाड्यांत मागचं डिफरन्शियल लहान, सहा इंची गिअरचं आहे. टर्बोसमोर ते टिकत नाही. १९९४ पासूनचं सात इंची टिकतं.

पेट्रोलचंही पाहू. इथल्या पंपावर साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं, समुद्रकाठी ८७ चं. विरळ हवेत सिलिंडरमधला दाब कमी असतो म्हणून ८५ खपतं. टर्बो लावला की ही सवलत संपते. टाकीत ९१ च भरायचं, आणि ईसीयूचा नकाशा ९१ वरच बांधायचा.

४.४५

आकडे झाले, आता रस्ता. गोल्डनमधून लुकआउट माउंटनचा घाट वर जातो, अरुंद आणि हातभर अंतरावर वळणं असलेला. ताई चालवायला, मी शेजारी.

त्या गाडी फार छान चालवतात. वळणाआधी ब्रेक सरळ रेषेत संपतो, गिअर आधीच पडलेला असतो, आणि वळणाच्या मध्यापासून पाय हळूहळू दाबत त्या बाहेर निघतात. पाय पाव इंच हलला की गाडीचं नाक त्याप्रमाणे रेषा बदलतं. शेजारी बसूनही ते पाठीला कळतं. इंजिन पाच हजारांच्या वर ठेवून त्या गाडीत आहे तेवढं सगळं वापरतात. वळणात काही उणं नाही हे त्यांचं सकाळचं म्हणणं बरोबर आहे. वर, सव्वादोन हजार मीटरवरच्या सरळ चढाला मात्र त्यांनी पूर्ण पाय दाबला तरी काटा रेंगाळतो.

याच घाटात टर्बोचा धोकाही स्पष्ट दिसतो. मोठा टर्बो उशिरा जागा होतो. वळणाच्या मध्यावर पाय दाबावा, क्षणभर काही घडू नये, आणि मग सगळा टॉर्क एकदम मागच्या चाकांवर यावा, तर हजार किलोची मागच्या चाकांवर चालणारी गाडी तिथेच फिरते. म्हणून टर्बो लहान हवा, कमी फेऱ्यांवर अलगद जागा होणारा, आणि बूस्ट पायाच्या दाबाच्या प्रमाणात वाढणारा. अर्धा पाय म्हणजे अर्धाच बूस्ट. ईसीयूमध्ये हे बांधता येतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

६.१५

परत आल्यावर ताई म्हणाल्या, "दादा, तुमची गाडी असती तर काय केलं असतं?"

"टर्बो लावला असता. लहान, १३० ला बांधलेला, बोगद्याच्या उंचीवर १२० ला उतरवलेला, म्हणजे टर्बो आपल्या वेगाच्या मर्यादेत राहील. पण सगळ्यात शेवटी लावला असता."

आणि क्रम लिहून दिला. पहिल्यांदा थंडावा: पाण्याची वाट मागून, जाड रेडिएटर, नव्या नळ्या. मग ब्रेक: बोगद्यावरून परत येताना लांबच लांब उतार आहे, आणि चढाला मिळालेला वेग उताराला थांबवावा लागतोच. मग सात इंची डिफरन्शियल आणि दमदार क्लच. मग स्वतंत्र ईसीयू, मोठे इंजेक्टर, हवा-इंधनाचा मापक. हे सगळं बिनटर्बो बसवून काही आठवडे गाडी चालवायची, तापमान आणि प्रमाण नोंदवायचं. त्यात दोष निघाला तर तो टर्बो येण्याआधी निघतो. मग टर्बो, इंटरकूलर, चांगले स्टड आणि खालून आधार. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागच्या जागी, कारण डेन्व्हर भागात गाडीला धूरतपासणी पास करावी लागते आणि आपल्या मागून येणाऱ्यालाही श्वास घ्यायचा असतो.

"टर्बोच्या आधीच्या कामांनाच टर्बोइतके पैसे लागतायत," ताई म्हणाल्या.

"हो. आणि ते द्यायची तयारी नसेल तर टर्बोही लावू नका. हीच कामं केली आणि तिथेच थांबलात, तरी गाडी आजच्यापेक्षा चांगली असेल."

त्यांनी पहिल्या दोन टप्प्यांवर सही केली. बाकीचं शरद ऋतूत ठरवू म्हणाल्या. मला हे फार योग्य वाटलं.

७.१५

सुट्या भागांची मागणी पाठवली: थर्मोस्टॅटचं मागचं घर, रेडिएटर, सिलिकॉनच्या नळ्या, ब्रेक पॅड, ब्रेकचं तेल. शिकाऊ मुलगा जाता जाता म्हणाला की एकाच दिवशी एकाला नको म्हणालो आणि एकाला हो, हे गिऱ्हाइकांना विचित्र वाटत असेल.

मला नाही तसं वाटत. दोघांना विचारलेलं एकच होतं. गाडीत जे आहे ते तू पुरतं वापरतोस का? जे कमी पडतं ते नेमकं कुठे, कोणत्या रस्त्यावर कमी पडतं? आणि वाढलेली ताकद धरायला तिच्यामागचे भाग तयार आहेत का? ताईंकडे पहिल्या दोन्हींची पक्की उत्तरं होती, तिसऱ्यासाठी त्या वेळ आणि पैसा द्यायला तयार आहेत. त्या मुलाकडे अजून पहिल्याचंही उत्तर नाही, आणि ते मिळवण्याइतकं वय त्याच्यापुढे आहे. हलकी गाडी बनवणाऱ्यांनी एकेका ग्रॅमचा हिशेब केलेला असतो. तिच्यात भर घालणाऱ्याने निदान एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तरं मिळाली तर खुशाल टर्बो लावावा, आणि डोंगर चढून जावं.